दोनशे पन्नासची रेघ

यकृताचे मोठे डॉक्टर कधी कुणाच्या खांद्यावर हात ठेवत नसत. त्यांचा तसा लौकिकच होता. समोरचा माणूस रडायला लागला तर टेबलावरची कागदी रुमालांची पेटी ते चार बोटं पुढे सरकवत, बस्स, त्यापलीकडे माया नाही. म्हणून त्या दिवशी सकाळी लिफ्टच्या दाराशी त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा तिला आधी वाटलं की ॲप्रनवर झुरळबिरळ बसलंय की काय. पण हात तिथेच राहिला. मग ते म्हणाले, "तुम्ही आपल्यातल्या, म्हणून तुम्हाला आधी सांगतो. तुमच्या दादांचा तिसरा गट आला. वहिनींना चार वाजता बोलावलंय." एवढ्यात लिफ्ट आली, ते आत गेले आणि दार मिटलं. तिलाही वरच जायचं होतं, पण ती बाहेरच राहिली. वर जाणारा बाण पेटला, विझला. मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, जायचंय का बाजूला व्हायचंय?" तेव्हा ती बाजूला झाली आणि जिन्याने निघाली. खांद्यावर हात ठेवलेली जागा गरम लागत होती. डॉक्टरांनी हात ठेवला म्हणजे आता करण्यासारखं काही उरलं नाही, एवढं कळायला तिला कुठल्या तपासणीची गरज नव्हती.

आता तिसरा गट म्हणजे काय, हे तिला कुणी समजावून द्यायला नको होतं. तो गटांचा तक्ता मुळी तिच्याच हाताखालून गेलेला. चार वर्षं ती तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत त्या रक्तावर काम करत होती. यकृताचा कर्करोग कापण्याच्या पलीकडे गेलाय अशी तीनशे बारा माणसं, आणि त्यांच्या रक्तातल्या चार गोष्टी. एएफपी, जे गाठ स्वतःच रक्तात सोडते. अल्ब्युमिन, जे यकृत बनवतं आणि यकृत थकलं की घटतं. सीआरपी, म्हणजे अंगातली धग. आणि एलडीएच, पेशी फुटल्या की त्यांच्यातून बाहेर सांडणारं. प्रत्येकाला एक रेघ ठरवलेली. रेघेच्या वाईट बाजूला गेलं की एक गुण. शाळेत गुण जास्त मिळाले तर पाठ थोपटतात, इथे सगळा उलटा कारभार. एकापर्यंत पहिला गट, दोन म्हणजे दुसरा, तीन किंवा चार म्हणजे तिसरा. तिसऱ्या गटातली निम्मी माणसं साडेतीन महिन्यांच्या आत जात. नवं औषध होतं, पण ते पहिल्या दोन गटांनाच देत. तिसऱ्यातल्यांना ते झेपत नाही, उरलेले दिवसही खाऊन टाकतं. त्यांना गोड बोलून घरी पाठवायचं, दुखण्याच्या गोळ्या द्यायच्या, आणि नर्सताईंचा फोन नंबर.

जिना चढता चढता तिला तो दिवस आठवला, आणि तो आठवू नये म्हणून ती पायऱ्या मोजायला लागली, पण पायऱ्यांमुळेच तो जास्त आठवला. तक्ता पुरा झाला तेव्हा संगणकावर तीन रेघा काढल्या होत्या, प्रत्येक गटाची एक. डावीकडे वर सगळी माणसं जिवंत, आणि मग उजवीकडे रेघ पायरी पायरीने खाली उतरत जाते. एक पायरी म्हणजे एक माणूस. पहिल्या गटाची रेघ रमतगमत उतरत होती. तिसऱ्याची धाडधाड. आणि तीन रेघा एकमेकींपासून इतक्या स्वच्छ सुटल्या होत्या की सगळी खोली टाळ्या वाजवायला लागली. तिने सर्वांत जोरात वाजवल्या. त्या दिवशी तिने सगळ्यांना कॉफी आणि केक दिला होता! माणसं तिला ठाऊकच नव्हती, नुसते क्रमांक होते. एकशे सतरा नंबर एकोणीस महिने टिकला. दोनशे चार नंबरने पाच आठवडे काढले. ती रकान्यात महिने भरत गेली आणि संध्याकाळी घरी जाऊन पोटभर जेवली. खरं सांगायचं तर त्यात चुकीचं काही नव्हतं. कुणीतरी मोजायला हवंच. पण आता ती जिन्याच्या मधल्या वळणावर कठडा धरून उभी होती, आणि त्या धाडधाड उतरणाऱ्या रेघेच्या एका पायरीवर तिचा दादा चप्पल पायात अडकवत बसलाय असं तिला दिसत होतं. ती तिथेच खाली बसली, आणि कुणी येतंय असं वाटल्यावर बुटाची नाडी बांधायला लागली. बुटाला नाडी नव्हती.

प्रयोगशाळेत यंत्रं नेहमीसारखी घरघरत होती. पलीकडच्या टेबलावर तिचा जुना सहकारी काम करत होता. त्याला सगळे गोगलगाय म्हणत, कारण तो इतका सावकाश काम करी की बघणाऱ्याचा जीव जावा, पण वीस वर्षांत त्याच्या हातून एक नळी सांडली नव्हती. त्याने मान वर केली, तिच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता परत खाली घातली. तिने दादाचा अहवाल उघडला. काल संध्याकाळी तिने तो पाहिला नव्हता. म्हणजे पाहिला होता, पण एकेक आकडा सुटा सुटा, यंत्रातून येईल तसा. चारांची बेरीज केली नव्हती. एएफपी रेघेच्या वर, एक. अल्ब्युमिन रेघेच्या खाली, दोन. सीआरपी बरं होतं, तिथे गुण नाही. आणि एलडीएच तीनशे अठ्ठ्याऐंशी. रेघ दोनशे पन्नासला. तीन. त्या आकड्याच्या शेजारी यंत्राने बारीक लाल खूण टाकली होती, आणि खुणेच्या खाली मान्य केल्याची वेळ आणि तिचं स्वतःचं नाव. तिने पडद्यावर बोट ठेवून ती खूण झाकली. बोट काढलं. खूण होतीच.

ती लाल खूण काय असते, हे या इमारतीत तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. सुई बारीक असली, शीर रुसलेली असली आणि घेणाऱ्याने सिरिंजचा दट्ट्या हिसका मारून ओढला, की सुईतून येता येता रक्ताच्या पेशी फुटतात. फुटल्या की त्यांच्या पोटातलं एलडीएच बाहेर सांडतं. मग आकडा फुगतो, आणि तो रोगाचा नसतो, हाताचा असतो. असं रक्त यंत्रात गरगर फिरवून स्थिरावलं की वरचं पाणी, म्हणजे सीरम, पिवळसर दिसायच्याऐवजी गुलाबी दिसतं. गुलाबी दिसलं की नापास. परत घ्या. हा नियम तिने लावलेला. दारावरचा कागद तिच्याच अक्षरात होता: 'गुलाबी सीरम चालणार नाही. कारणं सांगू नयेत.' सगळ्या नर्सेस तिला नापासबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला माहीत होतं, आणि मनातून ते नाव तिला आवडायचंही. एकदा खुद्द अधीक्षकांच्या सासूबाईंचं रक्त तिने तीनदा परत पाठवलं होतं. "लहान बाळाचा हात आहे हो," म्हणून एक नर्स रडकुंडीला आली होती, तर हिने सांगितलं होतं, "बाळाला खोटा आकडा मिळाला तर चालेल का?" लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! काल काय झालं होतं, ते तिने आता कुठे धडपणे आठवून पाहिलं. दादाच्या दोन्ही हातांवर निळेकाळे डाग पडले होते. नर्सने हात धरला की तो दुसरीकडे बघून विनोद करायचा. त्यानेच निरोप पाठवला, "ठमीला सांगा, तिनेच येऊन घ्यावं." ठमी हे तिचं घरातलं नाव, लहानपणी अडून बसायची म्हणून पडलेलं. ती गेली. तो म्हणाला, "ठमे, एकदाच टोच हं." ती म्हणाली, "एकदाच. शप्पथ." शीर सापडली, पण रक्त येईना. अर्धी सिरिंज झाली आणि थांबलं. सुई काढून परत टोचायला हवं होतं. तिने दट्ट्या ओढला. ओढला म्हणजे हिसडलाच. वर सिरिंजची सुई न काढताच ते रक्त नळीत दाबून सोडलं. ज्या गोष्टी करू नका म्हणून ती दर वर्षी नव्या नर्सेसना अर्धा तास ओरडून सांगायची, त्या सगळ्या तिने एका मिनिटात केल्या. संध्याकाळी यंत्राने लाल खूण दाखवली, 'मान्य की अमान्य' असं विचारलं. सीरम नारिंगी होतं. तिने स्वतःला सांगितलं, कावीळ आहे ना, कावीळ असली की असंच दिसतं. आणि मान्य केलं. डोळ्यावर कातडं ओढून घ्यायला अर्धा सेकंदही पुरतो.

वापरलेल्या नळ्या सात दिवस फ्रीजमध्ये ठेवतात. तिने दादाची नळी काढली आणि खिडकीपाशी उजेडात धरली. काचेवर बाष्प आलं, तिने अंगठ्याने पुसलं. काविळीचा रंग तिला माहीत होता. हा तो नव्हता. म्हणजे काविळीचा होताच, पण त्याच्या आत तांबूस झाक होती, नाकारताच येऊ नये अशी. मग तिला बरं वाटायला हवं होतं, नाही का? आकडा खोटा असू शकतो. रक्त परत घ्यावं, आकडा उतरावा, तीनाचे दोन गुण व्हावेत, दुसरा गट यावा, औषध मिळावं. एवढं सरळ होतं. पण तिला त्याच क्षणी दुसरीही गोष्ट दिसली. परत घेतलं आणि आकडा तीनशे अठ्ठ्याऐंशीच आला तर? सव्वातीनशे आला तर? दोनशे एक्कावन्न आला तरी? आत्ता निदान म्हणायला जागा आहे, की माझ्या हातून चुकलं. आत्ता दादाच्या मरणात आणि दादात ही एक चूक उभी आहे. ती चूक काढून घेतली आणि मागे खरोखरच मरण निघालं, तर कुठे तोंड लपवायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. तिने नळी परत ठेवली, फ्रीजचं दार लावलं, नीट लागलंय का ते ओढून पाहिलं. घड्याळात अकरा वाजले होते. मग साडेअकरा. तिने पंधरा दुसऱ्या माणसांची रक्तं पाहिली, त्यातलं एक गुलाबी होतं. ते तिने नापास केलं नाही. बाजूला ठेवून नुसती त्याच्याकडे बघत बसली. शेवटी गोगलगाय उठून आला, ती नळी उचलून त्याने नापासच्या खोक्यात टाकली आणि आपल्या जागी गेला.

दादा वजनमापं तपासणारा होता. आयुष्यभर दुकानोदुकानी हिंडून त्याने काटे तपासले. त्याच्याकडे पितळी वजनांची एक पेटी होती, आत मखमल, आणि त्या वजनांना तो कधी उघड्या बोटांनी हात लावत नसे. मऊ चामड्याचा तुकडा घेऊन उचलायचा, कारण बोटाच्या घामाने वजन वाढतं म्हणे. ती आठ-नऊ वर्षांची असताना तो पहिल्यांदा नोकरीला लागला होता, आणि सुट्टीत तिला बरोबर न्यायचा. आई गेल्यावर घरात तिला सांभाळणारं दुसरं कुणी नव्हतं, हे त्याचं खरं कारण. तो मात्र म्हणायचा, "साहेबाला असिस्टंट लागतो." ती स्टुलावर उभी राहून काट्याकडे बघायची. खाटीक घाम पुसत म्हणायचा, "साहेब, वाऱ्याने हलला हो." दादा म्हणायचा, "वारा गेला की परत ठेवू." आणि परत ठेवायचा. आणि परत. तीनदा. काटा कितीही बरोबर दिसो, माणूस कितीही ओळखीचा असो, तीनदा. एकदा तिने विचारलं, "पहिल्यांदा बरोबर आलं तरी?" तर तो म्हणाला होता, "ठमे, पहिल्यांदा आपल्याला हवं ते दिसतं. दुसऱ्यांदा समोरच्याला हवं ते दिसतं. तिसऱ्यांदा वजन दिसतं." पुढे ती या धंद्यात पडली ती त्याच्याचमुळे. नापासबाई कुणी घडवली म्हणता? आणि तिने त्याचंच माप एकदा ठेवून, काटा हलत असताना, शिक्का मारून दिला होता. हे मनात आलं तेव्हा तिला लाज वाटली, पण लाजेपेक्षाही भीती मोठी होती. लाजेने माणूस लाल होतो. तिचे हात पांढरे पडले होते.

एक वाजता वहिनीचा फोन आला. "ठमाताई, चारला बोलावलंय आम्हाला," वहिनी म्हणाली. तिच्या आवाजात लगबग होती. "औषध सुरू करायचं असणार ना? मी त्यांचा निळा शर्ट इस्त्री करून आणलाय. हे म्हणतात, डॉक्टरांसमोर काय ते हॉस्पिटलचं झबलं घालून बसायचं! आणि काय गं, सह्या माझ्या लागतील का तुझ्या?" तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. "ठमाताई? ऐकतेयस ना?" "ऐकतेय," ती म्हणाली. वहिनीने जरा थांबून हळूच विचारलं, "चांगलंच आहे ना गं?" निळा शर्ट. कॉलर ताठ असणार. चार वाजता त्या ताठ कॉलरमध्ये बारीक झालेली मान घालून तो खुर्चीवर बसणार, आणि डॉक्टर रुमालांची पेटी पुढे सरकवणार. "मी येते वर," एवढं बोलून तिने फोन ठेवला आणि तोच परत उचलून डॉक्टरांना लावला. बोलायला लागेपर्यंत तिला ठाऊक नव्हतं की ती बोलणार आहे.

"कालचं दादाचं रक्त चुकीचं होतं," ती म्हणाली. "पेशी फुटलेल्या होत्या. एलडीएच धरू नका."

पलीकडून प्रश्न आला, "यंत्राने दाखवलं नाही?"

"दाखवलं होतं."

"मग मान्य कुणी केलं?"

"मी."

डॉक्टरांनी श्वास सोडलेला ऐकू आला. हा माणूस रागावला असता तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "तुम्ही?" आणि त्या एका शब्दात तिची वीस वर्षं खाली बसली. मग ते कामाच्या आवाजात म्हणाले, "चारच्या आत नवा आकडा द्या. नाहीतर मला आहे त्यावर बोलावं लागेल. औषधाची यादी आज बंद होते. आणि बाई, आकडा उतरेलच असं धरून चालू नका." "नाही धरत," ती म्हणाली. ते खोटं होतं. तिने तेवढंच धरलेलं होतं.

पाचव्या मजल्यावर दादा उशीला टेकून बसला होता. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा, पोट ताणलेलं, आणि त्या पोटावर निळा शर्ट घडी घालून ठेवलेला, जणू बाळ. वहिनी खाली चहा आणायला गेली होती. बहिणीच्या हातातला सुया-नळ्यांचा ट्रे बघून तो म्हणाला, "या, असिस्टंट. काय, कालचं सांडलंस वाटतं?" तिने खुर्ची ओढली. काय काय सांगायचं ते जिन्यात जुळवलं होतं, ते सगळं पळालं. तिने नुसतं घडलं ते सांगितलं. दट्ट्या हिसडला, खूण आली, मान्य केलं, आणि त्यावरून तुझा तिसरा गट लागला. तिसरा गट म्हणजे काय हेही सांगितलं, कारण त्याने विचारलं, आणि दादाने सरळ विचारलं की तिला वाकडं उत्तर कधी देता आलं नव्हतं. तो ऐकत राहिला. खिडकीत एक पारवा येऊन बसला, उडाला. मग दादाच्या पोटावरचा शर्ट हलायला लागला. तो हसत होता. "म्हणजे सगळ्या जगाला नापास करतेस," तो म्हणाला, "आणि भावाला तेवढा पास केलास होय गं?" तिला रडू फुटलं. अगदी नाक गळेपर्यंत ती रडली. तो म्हणाला, "पुरे आता. सुई हलेल." आणि बाही वर करून हात पुढे केला.

पहिल्यांदा शीर निसटली. दुसऱ्यांदा दोन थेंब आले आणि थांबलं. कालच्यासारखंच. तिच्या अंगठ्याला तो दट्ट्या ओढायची इच्छा झाली, अंगठ्यालाच झाली, तिला नाही. तिने सुई काढली. "माफ कर," ती म्हणाली. दादा भिंतीकडे बघून म्हणाला, "तीनदा ठेवायचं असतं, माहितेय की मला." तिसऱ्यांदा मनगटाच्या बाजूची एक बारीक शीर लागली. रक्त आलं, सावकाश, आपणहून, आणि तिने त्याला घाई केली नाही. सुई काढली, झाकण उघडलं, नळीच्या कडेने ते हळूच उतरू दिलं. दादाच्या कपाळावर घाम आला होता. तिने कापसाचा बोळा दाबून धरला आणि म्हणाली, "तासाभरात सांगते." तो म्हणाला, "मला सांग. आधी मला. डॉक्टरांना नाही." दारातून वहिनी कपात चहा सांभाळत येत होती. तिने दोघांची तोंडं पाहिली आणि चहा तिथेच खिडकीत ठेवला.

रक्त गोठायला अर्धा तास लागतो. त्याला कुणी पुढे ढकलू शकत नाही. तो अर्धा तास ती नळीसमोर बसून राहिली. हात मांडीखाली दाबून ठेवले होते, नाहीतर तिने नळी हलवली असती. मग फिरवायचं यंत्र, दहा मिनिटं. त्याचा आवाज चढत गेला आणि तिच्या छातीतही काहीतरी तसंच चढत गेलं. थांबल्यावर तिने झाकण उघडलं. वरचं पाणी पिवळं होतं. गर्द, काविळीचं, पण पिवळं. तिने खिडकीत धरलं, दिव्याखाली धरलं, पांढऱ्या कागदासमोर धरलं. कुठेच तांबूस नव्हतं. आता मध्ये चूक उभी नव्हती. आता जो येईल तो आकडा दादाचाच. तिला अचानक एवढी भीती वाटली की नळी परत फ्रीजमध्ये ठेवून घरी निघून जावं, दार लावून घ्यावं, आणि फोन वाजला तरी घेऊ नये. गोगलगाय शेजारी येऊन उभा राहिला. त्याने तिच्या हातातून नळी काढून घेतली आणि यंत्रात लावली. त्याला असं घाई करताना तिने पहिल्यांदाच पाहिलं.

अकरा मिनिटांनी पडद्यावर ओळ आली. एलडीएच दोनशे शेहेचाळीस. शेजारी लाल खूण नव्हती.

दोनशे शेहेचाळीस. रेघ दोनशे पन्नास. चार कमी. चार! तिच्या तोंडातून कसलासा आवाज निघाला. दोन गुण, दुसरा गट, औषध. आणि लगेच, आनंद अजून नीट आतही आला नव्हता, तोच ते दुसरं आलं. यंत्राला थोडी सूट असते. तेच पाणी परत लावलं तर आकडा सहा-सात इकडे-तिकडे होतो. सगळ्यांना माहीत असतं, कुणी बोलत नाही. परत लावलं तर दोनशे एक्केचाळीस येईल. नाहीतर त्रेपन्न येईल. नळीत पाणी शिल्लक होतं, तीनदा लावण्याइतकं. तिचा हात आपोआप पुढे गेला. चाळीस वर्षांची सवय. परत ठेवू. तो हात तिने दुसऱ्या हाताने धरला. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्यासमोर असा आकडा होता, जो परत बघायची तिची छाती नव्हती. "नियमाने परत लावायला कारण नाही," गोगलगाय पडद्याकडे बघत म्हणाला. "रक्त स्वच्छ, खूण नाही. पहिला आकडा तोच खरा." ते बरोबरच होतं. दुसरं कुणाचं रक्त असतं तर तिनेही हेच म्हटलं असतं आणि विसरून गेली असती. "भावाचं आहे," ती म्हणाली. "मी नाही मान्य करणार. तुम्ही करा." त्याने तिच्याकडे पाहिलं, चष्मा पुसला, परत घातला, आकडा वाचला आणि मान्य केलं. तीन वाजून चौदा मिनिटं झाली होती.

ती धावत गेली नाही. लिफ्टने गेली. दादाने निळा शर्ट घातला होता. गळ्याचं बटण लावलं होतं तरी कॉलरमध्ये दोन बोटं जातील एवढी जागा होती. वहिनी त्याचे केस विंचरत होती. ठमीकडे बघून ती कंगवा हातात धरून तशीच उभी राहिली. "वहिनी, औषध मिळतंय," ती म्हणाली, "जरा नर्सताईंना सांगून येतेस, की खुर्ची लागेल म्हणून?" वहिनीने दोन्ही हात तोंडावर ठेवले आणि कंगव्यासकट बाहेर पळाली. दादाने तिला जाऊ दिलं. मग म्हणाला, "किती आला?"

"दोनशे शेहेचाळीस."

"आणि रेघ?"

"दोनशे पन्नास."

त्याने डोळे बारीक केले. तिला माहीत होतं तो काय करतोय. तो काट्याकडे बघत होता. "सूट किती तुमच्या यंत्राला?" त्याने विचारलं.

थाप मारता आली असती. "सहा-सात," ती म्हणाली. "इकडे नाहीतर तिकडे."

"म्हणजे पलीकडेही जाऊ शकला असता."

"हो."

"किती वेळा ठेवलंस?"

बाहेर वहिनी कुणाला तरी मोठ्याने सांगत होती, खुर्ची हवी, चाकाची, हो, आत्ता. ठमीने भावाच्या चादरीची किनार बोटांत धरली. "एकदा," ती म्हणाली.

आता तो बोलेल, असं वाटून तिने मान खाली घातली. तेवढ्यात चादरीवरून त्याचा हात चाचपडत आला आणि तिच्या मनगटाला लागला आणि त्याने ते घट्ट धरलं, स्टुलावरून पडू नये म्हणून तिला धरायचा तसं. पण हात गार होता, घामेजलेला होता. इतके महिने तो भिंतीकडे बघून विनोद करत होता, आणि तिने ते सगळे विनोद खरे मानले होते. "ठमे," तो म्हणाला. त्याचा आवाज तिने कधी ऐकला नव्हता असा होता. "मला फार भीती वाटते गं. तू परत ठेवू नकोस हं."

"नाही ठेवत," ती म्हणाली.